कांदोळीचा पाद्री आणि जागती झोप

पणजीला मांडवीच्या काठाने जुन्या सचिवालयापर्यंत चालत गेलं की कडेला एक पुतळा लागतो. पायघोळ झगा घातलेला एक पाद्री दोन्ही हात पुढे रोखून उभा आहे आणि त्याच्या पुढ्यात एक स्त्री मागे कलंडली आहे. सहलीच्या बसमधून उतरलेली मंडळी त्याच्यापुढे फोटो काढून घेतात. मुलं हमखास विचारतात की हा माणूस त्या बाईला ढकलतोय का, आणि आईवडील तो कुणी जादूगार होता म्हणे, असं सांगून वेळ मारून नेतात.

रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराचं हे काम. १९४५ साली, गोव्यात पोर्तुगीज राज्य असताना, ते तिथे बसलं. पुतळा देखणा आहे, त्यात वाद नाही. पण ते रोखलेले हात मला दर वेळी खटकतात. कारण हा पाद्री, आबे जोझे कुस्तोदियो द फारिया, आयुष्याची शेवटची सहा-सात वर्षं जीव तोडून एकच गोष्ट सांगत होता, की झोपवणाऱ्याच्या हातांत काही नसतं. जे काही असतं ते झोपणाऱ्याच्या डोक्यात असतं. मेंदूचं शास्त्र आज ज्या वाटेने चाललं आहे, तिच्यावर दोनशे वर्षांपूर्वी पाऊल टाकणाऱ्या मोजक्या माणसांत हा आपला बारदेशकर होता. आणि त्याबद्दल पॅरिसने त्याला काय दिलं, तर एक फार्स.

बाहेरच्या जगाला फारिया हे नाव ठाऊक आहे ते अलेक्झांडर द्यूमामुळे. त्याची 'काउंट ऑफ मॉंटे क्रिस्टो' ही कादंबरी १८४४ ते १८४६ या काळात क्रमशः छापून आली. समुद्रातल्या शातो दीफच्या तुरुंगात निरपराध दांतेस खितपत पडला आहे, आणि शेजारच्या कोठडीतला म्हातारा पाद्री भुयार खणता खणता चुकून त्याच्याकडे निघतो. हा कादंबरीतला आबे फारिया. त्याने बाहेर असताना दीडशे निवडक ग्रंथ जवळजवळ मुखोद्गत केलेले असतात, आणि त्या आठवणीच्या भांडवलावर तो अंधारात बसून दांतेसला भाषा, गणित, इतिहास असं सगळं शिकवतो. शेवटी झटक्यामागून झटके येऊन तिसऱ्या झटक्यात जातो. द्यूमाने त्याला इटालियन केलं आहे. नाव खऱ्या माणसाचं उचललं आणि बाकीचं मनाने रचलं. आम्ही कादंबरीवाले तेच करतो, तेव्हा तक्रार कशाला करायची? पण स्मरणशक्ती आणि मेंदूचा झटका या ज्या दोन गोष्टी द्यूमाने आपल्या पाद्र्याला दिल्या, त्या खऱ्या फारियांच्या आयुष्यातही होत्या. फक्त खऱ्या आयुष्यात स्मरणशक्तीने ऐन वेळी दगा दिला होता.

जोझेचा जन्म मे १७५६ मधला, कांदोळीचा. वडील कायतान व्हितोरिनो द फारिया हे कोलवाळचे, मूळच्या सारस्वत ब्राह्मण घराण्यातले. पाद्री होण्याचं शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी कांदोळीच्या रोझा मारिया द सोझा हिच्याशी लग्न केलं होतं. हा संसार काही जमला नाही. कॅथलिक धर्मात घटस्फोट नाही. तेव्हा दोघांनी चर्चच्या परवानगीने वेगळं होण्याची एक विलक्षण वाट काढली. नवरा पुन्हा पाद्री व्हायला गेला आणि बायको जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात जोगीण झाली. मुलगा बापाकडे राहिला. १७७१ च्या फेब्रुवारीत बापलेक गोव्याहून जहाजावर चढले आणि नोव्हेंबरात लिस्बनला उतरले. नऊ महिने समुद्र. मुलगा पंधरा वर्षांचा होता. त्याने आईला पुन्हा पाहिलं नाही, गोवाही पाहिला नाही.

बाप महत्त्वाकांक्षी होता. गोव्यातल्या देशी पाद्र्यांना वरच्या जागा मिळत नसत. त्या काळच्या पोर्तुगीज राज्यात कातडीचा रंग पदाच्या आड येई. या माणसाने ठरवलं की मुलाला अशा ठिकाणी शिकवायचं की कुणाला नाही म्हणता येऊ नये. लिस्बनहून ओळखी काढत तो मुलाला घेऊन रोमला गेला. १७८० साली जोझे तिथे पाद्री झाला आणि धर्मशास्त्राचा डॉक्टरही. आपला प्रबंध त्याने पोर्तुगालच्या राणीला, पहिल्या मारियाला, अर्पण केला. पोपसमोर सिस्टीन चॅपलमध्ये प्रवचन करण्याचाही मान त्याला मिळाला. आता लिस्बनला परत आणि थेट राजदरबारात.

पुढचा प्रसंग दस्तऐवजाचा कमी आणि सांगोवांगीचा जास्त आहे; पण गोव्यात तो घरोघर सांगतात. केलूझच्या राजवाड्यातलं प्रार्थनामंदिर. राणी बसली आहे, सरदार-दरकदार बसले आहेत. तरुण फारिया प्रवचनाला उभे राहतात आणि तोंडातून शब्द फुटत नाही. रोममध्ये पोपपुढे बोललेला माणूस, पण पाठ केलेलं सगळं पुसून गेलं. खालून बापाने ते पाहिलं. त्या भरलेल्या मंदिरात आपल्याशिवाय कुणाला कळणार नाही अशा भाषेत, कोकणीत, त्यांनी मुलाला हळूच सांगितलं की समोर बसलेली ही सगळी भाजी आहे, काप भाजी. आणि मुलाची जीभ सुटली. प्रवचन धो धो वाहिलं.

या दोन शब्दांच्या औषधाचा फारियांनी पुढे जन्मभर विचार केला असं म्हणतात. करण्यासारखाच होता. आज त्या क्षणी डोक्यात काय घडलं असेल ते बऱ्यापैकी सांगता येतं. कानाच्या आतल्या अंगाला, मेंदूच्या पोटात, बदामाएवढा एक पुंजका आहे. त्याला अमिग्डाला म्हणतात. भीतीची घंटा तो वाजवतो. घंटा वाजली की छाती धडधडते, तोंड सुकतं, रक्तात ताणाची रसायनं उतरतात. गंमत अशी की हीच रसायनं नवी आठवण पक्की करायला मदत करतात, पण जुनी आठवण त्या क्षणी वर काढायला मात्र आडकाठी करतात. म्हणून परीक्षेत उत्तर आठवत नाही आणि न आठवल्याची फजिती मात्र जन्मभर आठवते. प्रवचन कुठे गेलं नव्हतं. तिजोरी भरलेली होती, किल्ली फिरत नव्हती.

बापाने दोन गोष्टी केल्या. एक, समोरच्या दृश्याचा अर्थ बदलला. डोळ्यांना राणीच दिसत होती, पण कपाळामागच्या मेंदूला, जो अर्थ लावतो आणि भीतीला लगाम घालतो, त्याला वेगळी सूचना मिळाली. दुसरी गोष्ट, ही सूचना त्यांनी मायबोलीत दिली. पोर्तुगीज ही दरबाराची भाषा, लॅटिन ही देवळाची, इटालियन शाळेची. कोकणी ही कांदोळीच्या स्वयंपाकघरातली भाषा होती, विळी आणि भाजी जिथे खरोखर असते तिथली.

नोकरीतली काही वर्षं मी उल्हासनगरला एका बँकेच्या शाखेत होतो. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेल्या लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवलं गेलं आणि १९४९ साली त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं, हे सर्वांना माहीत आहे. आमच्या काउंटरवर येणारे वयस्क व्यापारी माझ्याशी हिंदीत बोलत, कारकुनाशी मोडक्या मराठीत थट्टा करत, फॉर्मवर सही इंग्रजीत करत. पण नोटांचं बंडल हातात घेतलं की ओठ हलायचे ते सिंधीत. मध्येच कुणी हिंदीत काही विचारलं की गणती चुकायची आणि पुन्हा एकपासून सुरुवात. सिंध सुटून चाळीस-चाळीस वर्षं झाली होती. मेंदूचा अभ्यास करणारे म्हणतात की नेमका हिशेब हा ज्या भाषेत घोकला त्या भाषेच्या दोरीला बांधलेला राहतो. अंदाज मात्र भाषेवाचूनही करता येतो. पाढे, शिव्या, प्रार्थना आणि भीती, या चार गोष्टी माणूस सहसा पहिल्या भाषेतच करतो असं माझं साध्या निरीक्षणाचं मत आहे. कायतान व्हितोरिनोंना हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. पण योग्य दोरी कोणती हे बापाला बरोबर ठाऊक होतं.

दरबारातलं हे बस्तान फार टिकलं नाही. १७८७ साली गोव्यात पिंटोंचं बंड म्हणून ओळखला जाणारा कट उघडकीला आला. देशी पाद्री आणि शिपाई त्यात होते. पंधरा जणांना देहान्ताची शिक्षा झाली. लिस्बनमधल्या या बापलेकांवरही संशयाची सावली पडली आणि १७८८ साली फारियांनी पॅरिस गाठलं. तिथे वर्षभरात क्रांतीच उसळली. १७९५ च्या उठावात हा गोव्याचा पाद्री एका तुकडीच्या पुढे होता असं चरित्रकार लिहितात. धामधुमीची ती वर्षं मी इथे ओलांडून जातो. फारियांचं खरं आयुष्य त्या धामधुमीत नव्हतं, एका वेगळ्याच भानगडीत होतं, आणि ती त्यांच्या आधी पॅरिसला पोचलेली होती.

१७७८ साली फ्रांझ मेस्मर नावाचा डॉक्टर व्हिएन्नाहून पॅरिसला आला. विश्वात एक सूक्ष्म द्रव भरलेला आहे, तो शरीरात अडला की रोग होतो आणि आपल्या हाताच्या फिरण्याने तो मोकळा करता येतो, असा त्याचा दावा. बायका-पुरुष त्याच्याकडे जाऊन झटके देत, रडत, मूर्च्छित होत आणि कित्येक बरे होऊन घरी जात. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी एक झकास प्रयोग केला. फ्रँकलिनच्या बागेतल्या एका जर्दाळूच्या झाडात तो द्रव भरल्याचं जाहीर केलं आणि एका मुलाचे डोळे बांधून त्याला झाडाझाडांपाशी नेलं. मुलगा भलत्याच झाडाखाली बेशुद्ध पडला. समितीने निकाल दिला की द्रव नाही, हा सगळा कल्पनेचा खेळ आहे. प्रकरण बंद.

फारियांचं मोठेपण मला दिसतं ते इथे. समितीने जिथे फाइल मिटवली, तिथून पुढचा प्रश्न त्यांनी घेतला. द्रव नाही हे कबूल. पण नुसत्या कल्पनेने धडधाकट मुलगा कोसळत असेल तर ती कल्पना ही काय चीज आहे? ती कुठून शिरते आणि आत जाऊन काय करते?

हे त्यांना पहिल्यापासून इतकं स्पष्ट नव्हतं. मार्की द प्विसेग्यूर नावाच्या उमरावाने १७८४ मध्येच पाहिलं होतं की झटके न येताही माणूस शांत झोपेत जातो आणि त्या झोपेत बोलतो, उत्तरं देतो. फारियांनी त्याला गुरुस्थानी मानलं. पण सुरुवातीला त्यांनाही आपल्या अंगात काही शक्ती आहे असं वाटत असावं. लेखक शातोब्रियाँने आपल्या आठवणींत १८०२ च्या सुमाराच्या एका मेजवानीची हकीकत दिली आहे. आपण नुसत्या प्रभावाने कनारी पक्षी मारू शकतो अशी बढाई फारियांनी तिथे मारली. पक्षी आणला. फारिया बराच वेळ झगडले. पक्ष्याला काहीही झालं नाही, आणि पाहुण्यांची करमणूक झाली. शातोब्रियाँने हे टिंगलीने लिहिलं आहे. मला मात्र तो पक्षी फार महत्त्वाचा वाटतो. त्या मेजवानीत शक्ती नव्हे, भाषा हरली होती. कनारीला फ्रेंच येत नाही. मरायचं आहे हे त्याला कोण समजावून सांगणार?

१८११ साली फारियांना मार्सेयच्या विद्यालयात तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाची जागा मिळाली. तिथल्या वैद्यक मंडळानेही त्यांना सभासद करून घेतलं. पुढच्या वर्षी नीमला खालच्या जागेवर बदली. नोकरीतल्या माणसाला अशा बदलीचा अर्थ सांगावा लागत नाही. ती सोडून ते पॅरिसला परतले आणि ११ ऑगस्ट १८१३ रोजी र्‍यू द क्लिशीवरच्या ४९ नंबरच्या घरात त्यांनी जाहीर व्याख्यानं सुरू केली. दर गुरुवारी, प्रवेश फी ५ फ्रँक. उंच, तांबूस सावळा, पांढऱ्या केसांचा हा पाद्री फ्रेंच बोले ते परक्या हेलात. श्रोत्यांत बायकांचा भरणा मोठा असे.

तिथे चाले ते असं. माणसाला आरामखुर्चीत बसवायचं. डोळे मिटायला सांगायचं, झोपेचा विचार करायला सांगायचं. खोलीत शांतता. मग खणखणीत आवाजात झोपण्याचा हुकूम. नाही जमलं तर आणखी दोनतीनदा. तरीही नाही, तर फारिया सरळ सांगून टाकत की या व्यक्तीला ही झोप लागत नाही, आणि पुढच्याला बोलावत. हातवारे नाहीत, लोहचुंबक नाही, बादल्या नाहीत, संगीत नाही. झोपलेल्याला पाण्याचा पेला दारू म्हणून दिला तर तो दारूची चव घेई. हातपाय लुळे झाले म्हटलं की हलत नसत. जागं झाल्यावर अमुक कर म्हटलं तर जागं होऊन तो ते करी, आणि का केलं हे त्याला सांगता येत नसे. बहुतेकांना उठल्यावर काही आठवत नसे. फारियांनी या अवस्थेला जागत्या झोपेचं नाव दिलं, आणि झोपवणाऱ्याला एकाग्र करणारा म्हटलं. करणारा नव्हे, करवणारा.

आपल्याकडच्या वाचकाला जागती झोप ही कल्पना अवघड जाऊ नये. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून संध्याकाळी सुटलेल्या बदलापूर लोकलमध्ये ती रोज पाहायला मिळते. दादर मागे पडलं की खिडकीशी बसलेल्याची मान खाली जाते. ठाणे येतं, डोंबिवली येते, गर्दी अंगावरून जाते, भांडणं होतात, भजनं होतात, हा ढिम्म. आणि विठ्ठलवाडी, उल्हासनगर गेलं की अंबरनाथचा माणूस डोळे उघडून चपला चाचपू लागतो. मेंदू सगळाच्या सगळा झोपत नाही. १९६० साली ब्रिटिश संशोधकांनी झोपलेल्या माणसांना नावांच्या याद्या ऐकवल्या, तेव्हा परक्या नावांपेक्षा स्वतःच्या नावाला त्यांच्या मेंदूच्या लहरी जास्त उसळल्या. म्हणजे डोळे मिटल्यावरही आत कुणीतरी शब्द चाळत बसलेलं असतं.

तरीही संमोहनातली झोप ही लोकलमधली झोप नव्हे, आणि इथे फारियांची चूक सांगायला हवी. त्यांना ती नैसर्गिक झोपेचीच बहीण वाटे. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२९ मध्ये कवटीवरून मेंदूच्या विजेच्या लहरी टिपल्याचं प्रसिद्ध केलं. १९५३ साली शिकागोत झोपेतली ती डोळे भिरभिरण्याची, स्वप्नांची पायरी सापडली. दिवसभरातल्या घडामोडी मेंदू गाढ झोपेत पुन्हा उगाळतो आणि हिप्पोकॅम्पस या समुद्रघोड्याच्या आकाराच्या भागातून हळूहळू बाहेरच्या सालीत मुरवतो, हेही पुढे कळलं. संमोहित माणसाच्या लहरी यातल्या कशाशीच जुळत नाहीत. त्या जाग्या माणसाच्या असतात. जागेपणाचा झोत एका जागी रोखलेला आणि बाकीची बैठक अंधारात, असा तो प्रकार आहे. फारियांची दुसरी चूक रक्ताची. ज्यांचं रक्त पातळ त्यांना ही झोप लवकर लागते असा त्यांचा सिद्धान्त होता. त्याला आज काही आधार नाही. झोपलेल्याला आपला रोग आतून दिसतो असंही त्यांना वाटे. काळाचं ओझं कुणालाच पुरतं टाकता येत नाही.

पण सगळ्यांनाच ही अवस्था साधत नाही, काहींनाच साधते, आणि ते झोपवणाऱ्यावर नव्हे तर झोपणाऱ्याच्या घडणीवर अवलंबून असतं, हे त्यांचं निरीक्षण आजही तसंच्या तसं उभं आहे.

या निरीक्षणानेच त्यांना शत्रू मिळवून दिले. मेस्मरपंथीय रागावले, कारण त्यांचा द्रव गेला आणि त्याबरोबर त्यांच्या हातांचं माहात्म्यही गेलं. धर्ममार्तंड रागावले, कारण त्यांना यात सैतान दिसत होता आणि पाद्र्याने तो खेळवावा हे अधिकच वाईट. आणि ज्यांचा कशावरच विश्वास नव्हता त्यांना हे सरळसरळ ढोंग वाटलं. ढोंग नाही हे दाखवायचं कसं? डोळे मिटून पडलेला माणूस खरा झोपला आहे की सोंग करतो आहे, हे बाहेरून कळत नाही. फारियांच्या सगळ्या विद्येत हा एक उघडा दरवाजा होता आणि त्यातूनच घात झाला.

एक नट गुरुवारच्या सभेला गेला. खुर्चीत बसला, हुकूम होताच झोपला, सांगितलं ते ते केलं. आणि मग टक्क डोळे उघडून त्याने सगळ्यांसमोर पाद्रीबुवांना विचारलं की बाकीच्यांनाही तुम्ही असंच झोपवता का. सभेत हशा उसळला. सप्टेंबर १८१६ मध्ये व्हारिएते नाट्यगृहात या चुंबकवेडावर ज्यूल व्हेर्नेचा एक फार्स लागला आणि फारियांचं सोंग रंगभूमीवर आलं. पॅरिस पोट धरून हसलं. र्‍यू द क्लिशीची खोली रिकामी झाली. मला आयुष्यात निंदेने मेलेली माणसं कमी दिसली, हसण्याने संपलेली जास्त. निंदेला उत्तर देता येतं.

या नटाला उत्तर मिळायला १८७ वर्षं लागली. २००३ साली लंडनच्या संशोधकांनी काही जणांना संमोहित करून पाय लुळा पडल्याची सूचना दिली. त्यांनाच दुसऱ्या वेळी सांगितलं की आता पाय लुळा पडल्याचं नुसतं सोंग करा. बाहेरून दोन्ही सारखंच दिसत होतं. डॉक्टरलाही फरक कळत नव्हता. पण मेंदूची चित्रं काढली तेव्हा सोंगाचा नकाशा वेगळा आणि सूचनेचा वेगळा निघाला. १९९७ साली मॉंट्रियलमध्ये दुसरा प्रयोग झाला होता. चटका बसेल इतक्या गरम पाण्यात हात घातलेल्या माणसांना संमोहनात सांगितलं गेलं की वेदनेचा त्रास कमी होतो आहे, किंवा वाढतो आहे. हाताला चटका कुठे आणि किती बसला याची नोंद घेणारा मेंदूचा भाग होता तसाच काम करत राहिला. बदल झाला तो दुसऱ्या भागात, जो वेदनेचं दुःख करतो. चटका वेगळा आणि चटक्याचं दुःख वेगळं, आणि मधल्या दारावर शब्द उभा.

उठल्यावर न आठवण्याचंही तसंच. २००८ मध्ये इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी काहींना एक चित्रपट दाखवला, आठवड्याने संमोहनात तो विसरायला सांगितलं, आणि ठरलेली खूण मिळताच आठवण परत येईल असंही सांगितलं. खूण मिळेपर्यंत आठवत नव्हतं; मिळाली आणि आठवलं. मधल्या काळात मेंदूतला आठवण वर काढणारा रस्ताच थोपवलेला दिसला. केलूझच्या मंदिरात भीतीने बंद केलेला रस्ता साधारण याच मुलखातला. बँकेत आम्ही खातेवहीवर फार विश्वास ठेवत असू. एकदा नोंद झाली की ती कुणाच्या सांगण्याने बदलत नाही. आठवण तशी नसते. ती दर वेळी बाहेर काढली की थोडी नव्याने लिहून आत ठेवली जाते, आणि लिहिताना शेजारी कोण काय बोलतंय त्याचे डाग तिच्यावर पडतात. म्हणूनच संमोहनात काढून घेतलेल्या साक्षीवर शहाणी न्यायालयं फारसा विश्वास टाकत नाहीत.

फार्सनंतर फारिया गप्प झाले. मुलींच्या एका निवासी शाळेत धर्मगुरूची साधी जागा धरून त्यांनी पुस्तक लिहायला घेतलं. जागत्या झोपेचं कारण हाच विषय. ते प्विसेग्यूरला अर्पण केलं, पण आत त्याच्याही द्रवाला नकार दिला. २० सप्टेंबर १८१९ रोजी मेंदूचा झटका येऊन ते गेले. पुस्तक त्याच वर्षी निघालं. माँमार्त्रमध्ये त्यांना पुरलं, आणि थडग्यावर दगड नाही.

त्यांची कल्पना मात्र इतरांच्या नावाने हिंडत राहिली. १८४३ मध्ये जेम्स ब्रेड या मँचेस्टरच्या शल्यवैद्याने तिला हिप्नॉटिझम हे नाव रूढ केलं. क्लोरोफॉर्म येण्याआधी, १८४५ साली, जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश डॉक्टर बंगालमध्ये हुगळीला रुग्णांना अशा झोपेत घालून मोठमोठ्या गाठी कापत होता. तो मात्र अजून हातवाऱ्यांवरच विश्वास ठेवणारा. फ्रान्समध्ये नान्सीच्या बर्नहाइमने सूचनेचा सिद्धान्त पक्का केला आणि त्याचं श्रेय प्रामाणिकपणे फारियांना दिलं. फ्रॉइड १८८९ साली नान्सीला शिकायला गेला होता. म्हणजे आपल्या बापाचा भाजीचा सल्ला घेऊन निघालेला विचार कुठल्या कुठे पोचला पाहा.

१९०६ साली डॉ. दाल्गादो या गोवेकराने पॅरिसमध्ये चरित्र छापून फारियांना विस्मृतीतून काढलं आणि त्यांचं पुस्तकही पुन्हा छापलं. त्यानंतर १९२५ मध्ये पोर्तुगालच्या एका मोठ्या मेंदुतज्ज्ञाने त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. त्याचं नाव एगास मोनिझ. दोनच वर्षांनी याच मोनिझने जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं क्ष-किरण चित्र काढण्याची युक्ती शोधली. झटक्याचं कारण डॉक्टरांना पाहता येऊ लागलं ते त्यामुळे. आणि १९३५ मध्ये त्याने मनोरुग्णांच्या कपाळामागच्या मेंदूचे धागे कापण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. तिच्यासाठी १९४९ चं नोबेल त्याला मिळालं, आणि तिने हजारो माणसं भकास करून सोडली. नुसत्या शब्दाने मेंदू कसा वळतो हे सांगणाऱ्या माणसाचा चरित्रकार हातात हत्यार घेऊन तिथे पोचावा, याचं मला कोडंच आहे.

फारियांच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर खंड पहिला असं छापलेलं आहे. पुढचे खंड निघाले नाहीत.